शिडाची होडी आणि नियमांचा वाद

नंदुरबार जिल्ह्यांत, शहादें तालुक्यांत, प्रकाशा म्हणून एक क्षेत्र आहे. तेथें गोमाई नदी तापीला मिळते, आणि केदारेश्वराच्या दर्शनास येणारे भाविक त्या स्थानाला दक्षिण काशी म्हणतात. संगमाच्या पाण्यावर कोळ्याची होडी चालते तेव्हां ती किती फूट लांब आहे, तिची रुंदी किती, तिचें वजन किती, असा प्रश्न कांठावरील कोणासहि पडत नाहीं. होडी बुडत नाहीं, जाळें ओढतांना कलंडत नाहीं, माणसें पलीकडे पोंचतात. एवढ्यावर तिची परीक्षा संपते. परंतु तशाच दोन होड्या एका रेषेंत उभ्या कराव्या आणि पैलतीराला आधीं कोणती लागते तें पाहूं असें कोणी म्हणावें. दुसऱ्या दिवशीं कोणीतरी मापाची दोरी घेऊन येईल, आणि तिसऱ्या दिवशीं भांडणास सुरुवात होईल.

बैलांच्या शर्यती ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांना हें नवीन वाटणार नाहीं. शर्यतीची छकडी ही मूळची शेतकऱ्याच्या गाडीचीच धाकटी बहीण. शर्यतीच्या हौसेनें तिचें लांकूड कमी होत गेलें, चाकें हलकीं झालीं, आणि शेवटीं ती इतकी सडपातळ झाली कीं तींत खताच्या चार पाट्या भरण्याची कोणाची छाती होणार नाहीं. गाडी धांवण्यास सुधारली आणि शेतास निरुपयोगी झाली. हिला सुधारणा म्हणावें कीं बिघाड, याचें उत्तर ज्याच्या त्याच्या गोठ्यावर अवलंबून असतें. या जिल्ह्यांतील तापी-नर्मदांवर शिडाच्या होड्यांच्या शर्यती होत नाहींत. त्या पाहावयाच्या तर मुंबईच्या बंदरावर जावें लागतें. तथापि शर्यतीच्या होडीविषयीं गेलें शतकभर जो वाद देशोदेशीं चालला आहे तो समजण्यास समुद्र पाहिलेलाच असला पाहिजे असें नाहीं. त्याच्या मुळाशीं छकडीचाच प्रश्न आहे. वस्तु सुधारूं द्यावयाची तर किती, आणि त्या सुधारणेच्या मागें ज्यांना धांवतां येणार नाहीं त्यांची वाट काय?

अशा लहान होडीला इंग्रज लोक डिंगी म्हणतात, आणि गंमत अशी कीं हा शब्द त्यांनीं आपल्याच देशांतून उचलून नेला आहे. डिंगीला वर छप्पर नसतें आणि तळाशीं शिशाचें ओझेंहि नसतें. दहा-बारा फुटांपासून अठरा फुटांपर्यंत तिची लांबी. तींत एक, दोन किंवा क्वचित् अधिक माणसें. तळाच्या फटींतून एक फळी पाण्यांत सोडलेली असते, ती होडीला आडवें वाहूं देत नाहीं. वाऱ्याचा दाब शिडावर पडला कीं होडी एका अंगास कलते, आणि तिला सरळ राखण्यासाठीं आंतील माणसें उलट बाजूच्या कांठावर बसून पाठ पाण्यावर झोंकून देतात. मोठ्या जहाजांत जें काम तळांतील जड वजन करतें तें येथें माणसाच्या हाडामांसाला करावें लागतें. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण पुढील सर्वांत मोठें भांडण नेमकें या एका गोष्टीवरून झालें.

शर्यतीसाठीं या होड्यांचे वर्ग पाडलेले असतात, आणि त्यांत दोन जाति आहेत. एका जातींतील सर्व होड्या एका साच्याच्या असतात. जॅक होल्टनें १९५६ सालीं आंखलेली एंटरप्राइझ, किंवा पीटर मिल्ननें १९६२ सालीं आंखलेली फायरबॉल, या अशा एकसाची होड्या होत. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई सामन्यांतील शिडाच्या शर्यती मुंबईस झाल्या. त्यांत फरोख तारापोर आणि झरीर करंजिया या जोडीनें सुवर्णपदक मिळविलें तें फायरबॉलमध्येंच. तेथें होडीनें होडीला हरविलें असें कोणास म्हणतां येत नाहीं. जिंकला तो माणूस जिंकला. दुसरी जात मोकळ्या वर्गाची. तेथें नियम साचा सांगत नाहीं, केवळ चौकट सांगतो. लांबी अमुक्यापेक्षां अधिक नको, शिडाचें क्षेत्रफळ तमुक्यापेक्षां अधिक नको, आणि या चौकटींत प्रत्येकानें आपली अक्कल चालवावी. मोकळ्या वर्गाच्या शर्यतींत दोन शर्यती एकदम चालतात. एक पाण्यावर, आणि दुसरी सुताराच्या कारखान्यांत, पहिली सुरू होण्याच्या कित्येक महिने अगोदर.

ज्या वर्गाला साचा नाहीं त्याला नियमच सर्वस्व असतो. होडी तयार झाली कीं वर्गाचा माप घेणारा अधिकारी फीत व वजनकाटा घेऊन येतो, प्रत्येक अंग मापतो, प्रमाणपत्र देतो, आणि मग तिच्या शिडावर क्रमांक चढतो. परंतु नियम करणारा माणूस त्याला जें सुचलें असेल तेवढेंच मना करूं शकतो. क्रिकेटचें उदाहरण सर्वांच्या परिचयाचें आहे. १७७१ सालीं टॉमस व्हाइट नांवाचा एक खेळाडू यष्टींच्या रुंदीएवढी बॅट घेऊन खेळावयास आला, तोंपर्यंत बॅट किती रुंद असावी हें कोणीं लिहून ठेवलेंच नव्हतें. त्यानंतर सव्वाचार इंचांची मर्यादा ठरली आणि ती आजतागायत आहे. होड्यांच्या मोकळ्या वर्गांत असा टॉमस व्हाइट दर दहा-वीस वर्षांनीं जन्मास येतो. फरक इतकाच कीं क्रिकेटनें त्याला एकदां गप्प बसविलें. येथें त्याला बक्षीस द्यावें कीं बाहेर काढावें याचा निकाल प्रत्येक वेळीं नव्यानें लावावा लागतो.

इंग्लंडांतील चौदा फुटी होड्यांचा इतिहास या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. १९२३ च्या सुमारास त्यांचा राष्ट्रीय वर्ग स्थापन झाला, १९२७ सालीं त्यांच्यासाठीं प्रिन्स ऑफ वेल्स चषकाची शर्यत सुरू झाली, आणि लौकरच त्या वर्गाला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. काउझ येथें जन्मलेला उफा फॉक्स नांवाचा एक होड्या बांधणारा कारागीर होता. त्याच्या ध्यानांत आलें कीं साधी होडी पाण्याला बाजूस सारीत चालते आणि स्वतःच उठविलेल्या लाटांच्या खांचेंत अडकून पडते. त्यामुळें चौदा फुटी होडीचा वेग ताशी सुमारें पांच सागरी मैलांच्या पलीकडे सहसा जात नाहीं. पण तळाचा पुढचा भाग धारदार आणि मागचा भाग सपाट केला, तर चांगला वारा मिळतांच होडी पाण्याच्या वर उचलली जाऊन, मुलांनीं तळ्यांत फेंकलेली चपटी ठिकरी धांवते तशी, पृष्ठभागावरून धांवूं लागेल. १९२८ सालीं त्यानें या आकाराची अव्हेंजर बांधली. त्या हंगामांत ती ५७ शर्यतींत उतरली. त्यांपैकीं ५२ शर्यतींत ती पहिली आली, दोनदां दुसरी आणि तीनदां तिसरी. त्याच उन्हाळ्यांत फॉक्स दोन सोबत्यांसह ती उघडी होडी घेऊन इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्समधील ल हाव्रला गेला, तेथील शर्यती खेळला आणि तीच होडी चालवीत परत आला. वेगासाठीं होडी नाजूक करावी लागते असें म्हणणाऱ्यांस यापरतें उत्तर कोणतें द्यावयाचें?

अव्हेंजरनें नियमाचें एकहि अक्षर मोडलें नव्हतें. आकार मोकळा होता आणि त्यानें तो वापरला. तिला कोणी बाहेर काढलें नाहीं. परंतु ज्यांच्या होड्या १९२७ पर्यंत जिंकत होत्या त्यांच्या दारांत त्या एका हिंवाळ्यांत म्हाताऱ्या झाल्या. श्रीमंतानें नवी बांधून घेतली. मध्यम स्थितींतल्या माणसानें जुनीला रंग दिला आणि मागून पोंचण्याची संवय करून घेतली. चौदा फुटी होड्या जसजशा सुबक व वेगवान् झाल्या तसतशा त्या महागहि झाल्या, आणि १९३६ सालीं इंग्लंडांत बारा फुटी होड्यांचा एक स्वस्त वर्ग काढावा लागला. तोहि मोकळाच होता, आणि त्याच्या आरंभींच्या होडीचा आराखडाहि उफा फॉक्सनेंच केला, हा योगायोग मौजेचा आहे. ज्याच्या अकलेनें एक वर्ग महाग झाला त्याच्याच हातानें गरिबांची सोय झाली.

आतां १९३८ सालची गोष्ट. पीटर स्कॉट हा दक्षिण ध्रुवाच्या प्रवासांत मरण पावलेल्या कॅप्टन रॉबर्ट स्कॉटचा मुलगा. पक्ष्यांचीं चित्रें काढणारा म्हणून त्याचें नांव झालें होतें, आणि १९३६ च्या ऑलिंपिकमध्यें एकट्यानें चालविण्याच्या होडीच्या शर्यतींत त्यानें कांस्यपदक मिळविलें होतें. जॉन विंटर या मित्राबरोबर त्यानें थंडर अँड लाइटनिंग नांवाची चौदा फुटी होडी बांधविली. थेम्स नदीवरील व्हॅगबाँड या होडींत याच्या आधींच एक युक्ति करून पाहिली गेली होती. डोलकाठीला दोर बांधून सोडावयाचा, आणि त्याला धरून आंतील माणसानें कांठावर उभें राहून सबंध अंग पाण्याच्या वर बाहेर झोंकावयाचें. स्कॉट व विंटर यांनीं ती पक्की केली. दोराची तार केली आणि माणसाच्या अंगांत एक पट्टा घालून त्या तारेला अडकविला. आज या युक्तीस ट्रॅपीझ म्हणतात. तिचें मर्म तराजूच्या दांडीसारखें आहे. वजन तेंच, पण आंसापासून जितकें दूर टांगावें तितका त्याचा जोर अधिक. कांठावर बसलेला माणूस गुडघ्यापासून मागें कलतो. तारेवरचा माणूस तळपायांपासून डोक्यापर्यंत सगळाच बाहेर असतो. त्यामुळें जोराच्या वाऱ्यांतहि शीड ढिलें सोडावें लागत नाहीं. फाल्मथ येथें त्या वर्षींचा प्रिन्स ऑफ वेल्स चषक या जोडीनें जिंकला, आणि लगोलग वर्गानें ट्रॅपीझला बंदी केली.

ही बंदी नुसत्या मत्सरानें झाली असें समजणें अन्यायाचें होईल. बंदीच्या बाजूनें बोलणाऱ्याला कांहीं खरोखरीचे मुद्दे होते. होडी चालविणें म्हणजे होडींत बसून चालविणें, बाहेर लोंबकळणें नव्हे, हा पहिला मुद्दा. आणि तो केवळ संवयीचा असला तरी खेळांत संवयीलाहि किंमत असते. दुसरा मुद्दा अधिक भक्कम. तार लावावयाची म्हणजे डोलकाठी अधिक मजबूत हवी, कांठ मजबूत हवा, आणि दुसरा गडी तरणा व चपळ हवा. म्हणजे पन्नाशीच्या गृहस्थानें आपल्या मुलीला किंवा मेहुण्याला घेऊन शर्यतींत उतरण्याचे दिवस संपले. उलट बाजूनें म्हणावयाचें तें असें. ट्रॅपीझ ही स्वस्तांतली स्वस्त सुधारणा होती. अव्हेंजरसारखी होडी मिळविण्यास नवी होडी बांधावी लागे. तारेला थोडेंसें पोलाद आणि एक पट्टा पुरे. ज्या वर्गानें महागडा आकार मुकाट्यानें स्वीकारला त्यानेंच स्वस्त तार नाकारावी हें विचित्र होतें. जुन्या होडीला तरुण करणारी एक युक्ति हातीं आली होती, आणि तीच त्यांनीं पेटींत बंद करून ठेवली. हा निर्णय घाईचा झाला असें आज म्हणण्यास हरकत नाहीं. एका हंगामाच्या अनुभवानंतर तो झाला असता तर त्याचें वजन वेगळें असतें.

पुढच्याच वर्षीं महायुद्ध सुरू झालें आणि वाद आपोआप थंडावला. पण पेटींत बंद केलेली वस्तु दुसऱ्या घरांतून बाहेर आली. १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत फ्लाइंग डचमन व फाइव्ह-ओ-फाइव्ह या नव्या होड्या निघाल्या, त्यांनीं ट्रॅपीझ बेलाशक स्वीकारली, आणि फ्लाइंग डचमन १९६० सालीं ऑलिंपिकमध्यें पोंचली. त्या वेळीं शिडाच्या शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय मंडळाचे अध्यक्ष कोण होते? तेच पीटर स्कॉट. १९५५ पासून १९६९ पर्यंत तें पद त्यांच्याकडे होतें. म्हणजे ज्यांची युक्ति त्यांच्या स्वतःच्या वर्गांत निषिद्ध होती त्यांच्याच अध्यक्षतेखालीं ती जगाच्या सर्वांत मोठ्या शर्यतींत रोज वापरली गेली. चौदा फुटी वर्गानें बंदी उठविली ती १९७० च्या सुमारास, तीस-बत्तीस वर्षांनीं. नव्या युक्त्यांचें माहेरघर म्हणविणारा वर्ग या एका बाबतींत इतरांच्या मागून आला.

अशाच वादांतून घर कसें फुटतें हें पाहावयाचें असेल तर ऑस्ट्रेलियाकडे वळावें. सिडनी बंदरांतील अठरा फुटी होड्या ही तेथील सामान्य लोकांची करमणूक होती. मार्क फॉय नांवाच्या व्यापाऱ्यानें १८९१ सालीं सिडनी फ्लाइंग स्क्वॉड्रन ही संस्था काढली आणि शर्यत प्रेक्षकांसाठीं आहे हें प्रथम ओळखलें. लहान आंकडे दुरून दिसत नाहींत म्हणून त्यानें शिडांवर मोठालीं रंगीत चिन्हें काढविलीं. जी होडी पहिली पोंचेल ती जिंकली, असा सर्वांस कळेल असा निकाल ठेवला. लोक आगबोटी भरभरून शर्यतीच्या मागून जात आणि पैजा लावीत. या होड्यांना लांबीखेरीज फारसें बंधन नव्हतें. आंत दहा-पंधरा माणसांचा मेळा, आणि वर डोळे दिपविणारें शीड. १९३० नंतर क्वीन्सलँड प्रांतांत ॲबरडेअर नांवाची एक होडी निघाली, ती जुन्या होड्यांपेक्षां पुष्कळ अरुंद, सुमारें ७ फूट. तिला थोडी माणसें पुरत आणि ती जिंकत सुटली. सिडनीच्या जुन्या मंडळीनें अशा अरुंद होड्यांना जागा देण्याचें नाकारलें. ज्यांना त्या हव्या होत्या त्यांनीं १९३५ सालीं जेम्स गिल्टिनन यांच्या पुढाकारानें निराळी लीग स्थापिली. १९३८ पासून त्यांच्या नांवानें जी स्पर्धा चालते ती अठरा फुटी होड्यांची जगज्जेतेपदाची स्पर्धा मानली जाते. नाकारणाऱ्या स्क्वॉड्रनचें काय झालें? तीहि जिवंत आहे, आणि आज तिच्या आश्रयाखालीं जुन्या रुंद होड्यांच्या प्रतिकृति जुन्याच शिडांनिशीं पाण्यावर उतरतात. दोन्ही पक्षांना आपापलें मिळालें, पण एक बंदर दोन घरांत वांटलें गेलें. सर्वच गांवांना असा संसार दोनदां मांडणें परवडत नाहीं. वीस होड्यांचा क्लब फुटला तर दोन क्लब होत नाहींत, एकहि उरत नाहीं.

सर्वांत अलीकडचें आणि कदाचित् सर्वांत विलक्षण प्रकरण मॉथचें. १९२८ सालीं ऑस्ट्रेलियांत इन्व्हरलॉक येथें लेन मॉरिस नांवाच्या गृहस्थानें ऑलिव्ह नांवाची ११ फुटी होडी एका माणसासाठीं बांधली. पुढल्या वर्षीं अमेरिकेंतहि जवळजवळ तशीच एक होडी स्वतंत्रपणें निघाली, आणि कालांतरानें दोन्ही प्रवाह एकत्र झाले. मॉथ म्हणजे पतंग, दिव्याभोंवतीं फिरणारा. या वर्गाचा नियम फार थोडक्यांत आहे. लांबी ३३५५ मिलिमीटर, रुंदी २२५० मिलिमीटर, शिडाला मर्यादा, आणि सांगाडा एकच हवा, जोडहोडी नको. वजनाची किमान मर्यादा नाहीं. एवढ्या मोकळिकींत होडीचा सांगाडा वर्षानुवर्षें अरुंद होत गेला, आणि माणसानें बसावें कोठें म्हणून दोहों बाजूंस पंखांसारख्या बैठकी आल्या. नुसती उभी ठेवली तर ती कलंडते. चालविणाऱ्यानें हललें कीं पाण्यांत पडावें, हें तिचें शिक्षण.

मग २००१ च्या सुमारास पर्थच्या ब्रेट बर्व्हिलनें या बैठकींपासून पाण्यांत तिरपे शिरणारे पंख लावले. त्या वर्षीं जगज्जेतेपदाच्या स्पर्धेंत त्यानें शर्यती जिंकल्या. त्याची होडी पाण्याला सोडून वर उचलली जात होती. पाणी हवेच्या सुमारें आठशें पट घन असतें. म्हणून विमानाला जेथें मोठा पंख लागतो तेथें पाण्याखालीं हातभर पंख माणसासकट होडी उचलून धरतो. वर्गासमोर प्रश्न आला तो शब्दांचा. दोन्ही बाजूंस पाणी कापणारे असे पंख असलेली होडी एका सांगाड्याची कीं तीन? निर्णय झाला कीं ही जोडहोडीच होय, आणि बाजूचे पंख गेले. वरवर पाहतां फाल्मथचीच पुनरावृत्ति. पण येथें बंदी उडण्यावर नव्हती, उडण्याच्या एका रीतीवर होती. नियमांतील एका जुन्या शब्दाचा अर्थ तेवढा स्पष्ट केला गेला. त्यामुळें दार उघडें राहिलें. पर्थच्याच इलेट बंधूंनीं पंख मध्यभागीं आणले. एक तळाच्या फळीच्या टोंकाला, दुसरा सुकाणूंच्या टोंकाला, दोन्ही पूर्ण पाण्याखालीं, आणि पुढें पाण्याला स्पर्श करीत राहणारी एक काडी, जी होडी किती वर आहे हें चाचपून पंखाची झडप कमीजास्त वळविते. सांगाडा एकच राहिला. २००५ सालीं रोहन व्हीलनें अशा होडीवर जगज्जेतेपद मिळविलें, आणि पतंग नांवाची होडी खरोखरच पतंगाप्रमाणें पाण्यावर उडूं लागली. पुढें तिनें ताशी तीस सागरी मैलांचा वेग ओलांडला. लेन मॉरिसच्या ऑलिव्हशीं तिचें साम्य आतां लांबीपुरतेंच उरलें आहे.

येथें आनंदाबरोबर एक खेद आहे, आणि तो लपविण्यांत अर्थ नाहीं. २००५ पूर्वीं ज्यानें नवी अरुंद मॉथ घेतली होती त्याच्या हातांत दोनतीन वर्षांत एक जुनें होडकें राहिलें. त्याची चूक काय? त्यानें नियम वाचले होते, पैसे मोजले होते, आणि पडतां-उठतां ती चालवावयास शिकला होता. असा माणूस सभेंत उठून नव्या गोष्टीला विरोध करतो तेव्हां पुढील बाकांवरचीं मुलें त्याला हंसतात, तो काळाच्या मागें राहिला असें म्हणतात. तो काळाच्या मागें राहिलेला नसतो. त्याचा हप्ता फिटावयाचा राहिलेला असतो. उलट पक्षीं, त्याच्याच मतानें वर्ग चालला असता तर विसाव्या वर्षीं खेळावयास येणाऱ्या मुलानें आजोबांची होडी चालवावी असें म्हणावें लागलें असतें; आणि तो मुलगा तसें न करतां सरळ दुसऱ्या वर्गांत जातो, हें ट्रॅपीझच्या प्रकरणानें दाखविलें आहे.

नियम बदलण्याची रीत बहुतेक वर्गांत सारखीच असते. होडीच्या मालकांचा संघ असतो. बदलाचा ठराव आधीं लेखी कळवावा लागतो, त्यावर चर्चा होते, मतें घेतलीं जातात, आणि साध्या बहुमतानें भागत नाहीं, बहुधा दोन तृतीयांश मतें लागतात. वर्ग आंतरराष्ट्रीय असेल तर जागतिक मंडळाची संमति हवी. रीत चांगली आहे, पण तींत एक उणीव आहे. मत असतें तें आज ज्याच्याजवळ होडी आहे त्याला. जो कंटाळून गेल्या वर्षीं होडी विकून बसला त्याला मत नाहीं, आणि जो पुढील वर्षीं घेणार आहे त्यालाहि नाहीं. ज्यांच्यासाठीं वास्तविक नियम करावयाचा ते दोघेहि सभेंत गैरहजर. म्हणून शहाणे वर्ग ठराव संमत झाला तरी तो लगेच अमलांत आणीत नाहींत. एखादा हंगाम मध्यें जाऊं देतात. अमुक दिवसापूर्वीं मापलेल्या होड्यांना नवें बंधन लागूं नाहीं, अशी सूट ठेवतात. जुन्या होड्यांसाठीं त्याच शर्यतींत वेगळें पारितोषिक ठेवतात. हीं किरकोळ वाटणारीं कलमें माणसें टिकवून धरतात; आणि होडी कितीहि वेगवान् असली तरी समोर दुसरी होडी नसेल तर शर्यत कोणाशीं करावयाची?

फुटलेलीं घरें क्वचित् पुन्हां एक होतात, हेंहि सांगितलें पाहिजे. ऑस्ट्रेलियांत चौदा फुटी होड्यांची स्वतःची निराळी परंपरा होती, नियम निराळे, शीड निराळें. इंग्रजी चौदा फुटी आणि ऑस्ट्रेलियन चौदा फुटी यांनीं दीर्घकाळच्या वाटाघाटींनंतर १९९६ सालीं एकच नियम मान्य केला. दोघांनींहि कांहीं सोडलें. आज त्या होडींत दोघेहि जण तारेवर उभे असतात. फाल्मथच्या सभेंत जे बंदीसाठीं हात वर करून बसले होते त्यांच्यापैकीं कोणी तें पाहावयास उरला असता तर त्याला काय वाटलें असतें!

या चौदा फुटी वर्गानें आणखी एक गोष्ट जगाला दिली. कॅनडाचा ब्रूस कर्बी हा त्या वर्गांतला नांवाजलेला खेळाडू, आणि आपल्या चौदा फुटी होड्या तो स्वतःच आंखीत असे. मोकळिकीची किंमत, पैशांतली व कष्टांतली, त्याच्याइतकी थोड्यांनाच माहीत असेल. त्यानें १९७० च्या सुमारास एका माणसासाठीं एक साधी होडी आंखली, तिचें नांव लेसर. तींत कोणीं कांहींहि बदलावयाचें नाहीं, दोर बांधण्याच्या बारीकसारीक गोष्टीहि नियमानें बांधलेल्या. दोन लाखांहून अधिक लेसर आजवर बांधल्या गेल्या आहेत, आणि आतां तो वर्ग आयएलसीए या नांवानें ओळखला जातो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या शिडाच्या शर्यती मार्सेयच्या समुद्रावर झाल्या. तेथें पाण्याखालच्या पंखांवर उडणाऱ्या फळ्या होत्या, तशाच पंखांच्या जोडहोड्याहि होत्या. भारताचे दोन खेळाडू, विष्णु सरवणन आणि नेत्रा कुमनन, उतरले होते ते कर्बीच्या त्या एकसाची होडींत, कांठावर बसून, पाठ पाण्यावर झोंकून.